दादा, तुला शब्द का दिला नाही

तारीख सहा सप्टेंबर, दोन वर्षं व्हायला आली. रक्कम एकवीस हजार रुपये, पाचशेच्या बेचाळीस नोटा. ठिकाण उदगीरचा धान्याचा मोंढा, जिथं तू मापाडी म्हणून पोती तोलण्यात आयुष्य घालवलंस त्या आडतीचा ओटा. हजर माणसं: तू, वहिनी, मी, माझी सुनंदा, आमची लेक मुक्ता आणि हमालांचे मुकादम खाजाभाई.

लिहायला बसलो की माझी सुरुवात अशीच होते. पाटबंधारे खात्याच्या लेखाशाखेत नोकरी केल्यावर दुसरं काय होणार? "पत्र लिहायलास का पंचनामा?" असं तू म्हणाला असतास. म्हण. पण दादा, तुझ्याशी जे बोलायचं राहिलं ते मला क्रमानंच बोलता येईल.

त्या दिवशी मुक्ता एम.एस. करायला जर्मनीला निघाली होती. नांदेडहून हैद्राबादला देगलूरवरून सरळ रस्ता असताना आम्ही उदगीरचा फेरा घेतला. एक तर ती पाचवीपासून दहावीपर्यंत तुमच्या घरी वाढली. माझ्या बदल्या तेव्हा हदगाव, किनवट अशा चालल्या होत्या आणि शाळा उदगीरची चांगली होती. तुला मोठेबाबा आणि वहिनीला मोठीआई म्हणणारी पोर तुमच्या पाया न पडता जाणार नव्हती. दुसरं कारण म्हणजे तुझा हट्ट, बॅगा तुझ्याच काट्यावर तोलायच्या. मी नांदेडात स्प्रिंगचा हातकाटा विकत घेतला होता. तू तो उलटसुलट बघितलास आणि वहिनीकडं दिलास. "ह्याला भाजी टांग."

नोटा मुक्ताच्या हातात ठेवत तू म्हणालास, "कोट घे. तिकडं लई थंडी असती म्हणं."

"मोठेबाबा, कोट घेतलाय नांदेडात."

"मंग दुसरा घे. एक वाळत घातल्यावर काय घालशील?"

मग दोन्ही बॅगा काट्यावर चढल्या. एका बॅगेला तेवीस किलोची मर्यादा होती. शेतकऱ्याला माल सांगावा तसं तू मोठ्यानं सांगितलंस, "तेवीस भर. दुसरी, बावीस सहाशे." मी कागदावर टिपलं आणि आपण निघालो. तुम्ही दोघंही विमानतळापर्यंत आलात.

हैद्राबादला काउंटरवरच्या काट्यानं सव्वीस पाचशे दाखवलं. दुसरी बॅग सव्वीस शंभर. तू म्हणालास, त्यांचा काटा बिघडलाय. मी तुला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, बॅगेचं वजन धरलंस ना?" तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं मीच काही वेडंवाकडं विचारलंय.

"बारदान कोण धरतंय? बारदान वजा करूनच सांगत्यात की."

मोंढ्यात पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय मापाड्यानं आकडा तोंडातून काढायचा नाही, ही तुझी सवय हाडात गेलेली. रिकामी बॅग साडेतीन किलो धरून तू मनातल्या मनात ती वजा केली होतीस, आणि मी, रोज दुसऱ्यांच्या बिलांत खोट काढणारा माणूस, ते विचारायचं विसरलो होतो. काउंटरवरच्या पोरीला तू समजावून सांगायला लागलास, "बेटा, माल तेवीसच है. ऊपर का बारदान है."

ती हसली. "अंकल, बारदान भी तो उड़के जाता ना."

सहा किलो सहाशे ग्रॅम कमी करायचे होते. वहिनीनं फरशीवर बसून बॅगा उघडल्या. तीन किलो ज्वारीचं पीठ निघालं, तिनंच हौसेनं दिलेला सव्वा किलोचा बिडाचा तवा निघाला. उरलेल्याचं मुक्तानं बघितलं. बॅगेतला जाड कोट अंगात घातला, चपला आत टाकून घोट्याच्या वर येणारे बूट पायांत चढवले, दोन्ही खिशांत एकेक पुस्तक कोंबलं. हैद्राबादच्या त्या उकाड्यात घामानं निथळत ती आत गेली. काचेपलीकडून वळून हात केला तेव्हा जाड कोटात हात खांद्यापर्यंतसुद्धा वर जात नव्हता. तू हसत होतास. डोळे पुसत पुसत हसत होतास, त्यामुळं कोणाला कळलं नाही असं तुला वाटलं.

परतीच्या गाडीत बीदरच्या पुढं तू म्हणालास, "माल तेवीसच होता." यावर आपला वाद पुढं दीड वर्ष चालला, आणि तू शेवटपर्यंत चूक मान्य केली नाहीस. आता तो वाद तू जिंकलास असं मी धरतो. समोर माणूसच नसेल तर भांडण पुढं कसं न्यायचं?

ती पाण्याचं शिक्षण घ्यायला गेली. नद्या, धरणं, जमिनीखालचं पाणी. तुला ते कधी पटलं नाही. "पाणी असलेल्या देशात जाऊन पाणी काय शिकायचं? ते लातूरला शिकावं, जिथं न्हाई तिथं." हे तू तिला फोनवरही सांगितलंस. ती म्हणाली, "मोठेबाबा, इथं नदीच्या प्रत्येक थेंबाची नोंद ठेवतात." तू म्हणालास, "तुझ्या बापालाच बोलव मंग."

पहिल्या हिवाळ्यात तिनं शनिवार-रविवारी पार्सलच्या गोदामात काम धरलं. पट्ट्यावरून खोकी उचलायची आणि गाडीत रचायची. मी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. लोक विचारत, मुलगी काय करते, मी म्हणे, शिकते. तू मात्र तासाभरात सगळ्या मोंढ्याला सांगितलंस. "आमची पोरगी जर्मनीत हमाली करायली." आणि हे तू कौतुकानं सांगत होतास. खाजाभाईंनी दर विचारला. ताशी साडेतेरा युरो, म्हणजे आपले तेराशेच्या आसपास, हे ऐकून ते म्हणाले, "मग इथं काय करतो आपण? टोळी घेऊन जाऊ." त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू ओट्यावर उभा राहून तिला पोतं उचलून दाखवलंस. "पाठीत वाकायचं न्हाई. गुडघ्यातून बसायचं, माल छातीला लावायचा आणि मग उठायचं. न्हाईतर चाळिशीत कंबर जाती." तिनं तिकडं तिच्या खोलीत खुर्ची उचलून तुला करून दाखवली. तिची कंबर पहिले पंधरा दिवस धरली होती, ते तिनं तुला सांगितलं होतं. मला नाही.

मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. माझ्याकडं ती आकडे सांगायची, खोलीभाडं, विम्याचा हप्ता, ट्रामचा पास. दुखणं सांगायला तिला तू होतास. आता तिचं दुखणं कोणाला कळेल ते मला माहीत नाही. फोनवर मी अजून "पैसे पुरतात का" याच्यापुढं जाऊ शकत नाही.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं. शिकून झाल्यावर तिनं परत यायचं की तिकडंच राहायचं. तू म्हणायचास, "यील. तिचं घर हिकडं हाय." मी तुला तिच्या शिक्षणाचं कर्ज सांगायचो. बावीस लाख, वर व्याज, शिक्षण संपून वर्ष झालं की महिन्याला पस्तीस हजारांच्या आसपास हप्ता. लातूर-नांदेडात तिला पगारच मुळी तेवढा मिळणार नाही, आणि माझी निवृत्ती चार वर्षांवर. तुला हे पाठ झालं होतं. पाठ होऊनही तू ऐकत नव्हतास.

"आमची मापाड्याची जात हाय, आकडा मला शिकवू नको," तू गेल्या दिवाळीत नांदेडला आमच्या गच्चीवर म्हणालास. "तुला ती नको हाय का जवळ, ते सांग."

"माझ्या हवं-नकोवर हप्ता फिटतो का?"

"मी हप्त्याचं इचारलंच न्हाई."

सुनंदानं खाली जेवायला हाक मारली, आणि मी जिना उतरलो. त्यानंतर मे महिन्यात, तू जायच्या आधीच्या रविवारी, फोनवर तू पुन्हा तोच विषय काढलास आणि तेवढ्यात आडतीच्या दारात हरभऱ्याची गाडी लागली. "थांब, काटा करून घेतो, मंग बोलतो," म्हणालास. शुक्रवारी सकाळी वहिनीचा फोन आला, की छातीत दुखतंय, लातूरला नेत आहोत. वाटेतच, नळेगावच्या पुढं, तू गेलास.

मुक्ताला कळवायचं की नाही, यावर घरात दोन तट पडले. तिचा प्रबंध शेवटाला आला होता. देऊन झाल्यावर सांगू, असं बहुतेकांचं म्हणणं. परदेशात शिकणाऱ्या पोरांच्या घरांत असंच करतात, आजी गेलेली पोराला चार महिन्यांनी कळते. वहिनी म्हणाली, "तिला रविवारी फोन लागतो. या रविवारी कोण बोलणार हाय त्यांच्या आवाजात?" मग मी त्याच दुपारी कळवलं.

ती लगेच निघते म्हणाली. तिकीट बघत होती. पण तिच्या राहायच्या परवान्याची मुदत संपली होती, नव्यासाठी अर्ज केलेला, कार्ड हातात आलेलं नव्हतं. तशा अवस्थेत देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री कोणी देईना. परत घेतलं नाही तर प्रबंध गेला, पदवी गेली, दोन वर्षं गेली. तिनं मला विचारलं, "पप्पा, तुम्ही सांगा, येऊ का?" दादा, आयुष्यात मला इतका सोपा हिशेब कोणी विचारला नव्हता आणि इतका अवघड कधी गेला नव्हता. मी म्हणालो, थांब. ती थांबली.

दहाव्याला तळ्याच्या काठावर सगळे जमलो. गुरुजींनी पिंड मांडले. वहिनीनं बाजूला तुझ्या आवडीचं ठेवलं, कागदात गरम भजी, चहा, तंबाखूची पुडी. बाभळीवर कावळे होते, चार-पाच तरी. एकही खाली येईना.

आपल्याकडं अशा वेळी काय करतात ते तुला माहीत आहे, तूच आपले वडील गेले तेव्हा पुढं होऊन बोलला होतास. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि एकेकानं हात जोडून शब्द द्यायचा. मी म्हणालो, "दादा, वहिनी एकटी पडणार नाही." आडतीचे मालक म्हणाले, घरच्या बांधकामाचं बघतो. धाकट्या चुलतभावानं शेताच्या बांधाचं भांडण सोडलं म्हणून सांगितलं. कावळा पंख झाडायचा आणि तिथंच बसायचा. ऊन चढायला लागलं.

मग मामा म्हणाले, "अरे, पोरीत जीव अडकलाय त्याचा. म्हण, की मुक्ता परत येईल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझे हात जोडलेलेच होते.

खाजाभाई माझ्या मागं उभे होते. हळूच म्हणाले, "बोल की भाई. मेलेल्या माणसाला कुठं पावती द्यायची असती?"

तेच तर, दादा. जिवंत माणसाला खोटं बोललो तर तो उद्या जाब विचारील, मी दुरुस्ती करीन. तुला दिलेला शब्द मला कुठं दुरुस्त करता येणार? आणि तो शब्द माझा नव्हता, मुक्ताचा होता. तिच्या आयुष्याचा शब्द मी तळ्याच्या काठावर पाच मिनिटांच्या अडचणीसाठी देऊन टाकायचा, आणि मग ती तिकडं राहिली तर तिनं जन्मभर तुझा जीव अडकवून ठेवला असं लोकांनी म्हणायचं. मी गप्प राहिलो. मामा चिडले. "दगड हाय हा," म्हणाले.

वहिनीनं पदराच्या गाठीतून मोबाईल काढला आणि मुक्ताला लावला. तिकडं सकाळचे सहा वाजत होते. वहिनीनं फक्त सांगितलं, "मोठेबाबा ऐकायलेत. तुला काय बोलायचं ते बोल," आणि फोन मोठ्या आवाजावर करून पिंडाकडं धरला.

मग ती बोलली. "मोठेबाबा, मी परत येणार का ते मला अजून ठरवता येत न्हाई. खोटं सांगत न्हाई तुम्हाला. तुम्ही विचारायचा तेव्हा मी हसून टाळायची, तसं आज टाळत न्हाई. तुम्हाला नदी दाखवायची होती. एकदा या म्हटलं की तुम्ही म्हणायचा, काटा कोण बघंल. मोठीआईला मी इकडं आणते. एवढं नक्की सांगते. एवढं मी करू शकते."

आम्ही सगळे वर बघत होतो. कावळे बाभळीवरच राहिले.

वहिनी म्हणाली, "पहिल्या हाकेला कधी उठलेत का ते?"

कोणी हसलं, कोणी रडलं. गुरुजींनी आणखी थोडी वाट बघितली, मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि पुढचे विधी उरकले. घरी जाताना लोक आपसांत बोलत होते, की इच्छा राहिली त्याची. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. राहिलीच.

पण त्या गच्चीवर तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तुला देणं लागतो, आणि ते कावळ्यासमोर, चारचौघांत मला देता आलं नसतं. हो, दादा. मला ती जवळ हवी आहे. रविवारी दुपारी नांदेडच्या घरात तिच्या खोलीचं दार मी उगीच उघडतो, पंखा लावतो, बसतो आणि बंद करून येतो. सुनंदाला वाटतं मी वाळवी बघायला जातो. तुझ्यापेक्षा मला ती कमी हवी होती असं तुला वाटलं असेल तर तेवढं मनातून काढून टाक. मी कर्ज सांगत होतो कारण कर्ज मोजता येत होतं. आणि आपल्यात एकानं तरी तिला मोकळं सोडायला हवं होतं. तू सोडणार नव्हतास, मग ते काम माझ्याकडं आलं. हे मी त्या रविवारी बोललो असतो का? बहुधा नसतो. तू काटा करून परत फोन केला असतास, आणि आपण पुन्हा बारदानावर भांडलो असतो.

मुक्ताचा प्रबंध गेल्या महिन्यात मंजूर झाला. परवान्याचं कार्डही आलं. नोकरीचे अर्ज तिनं तिकडं केलेत, एक पुण्यातही केलाय. कुठं लागेल ते लागेल. मी विचारलं नाही. आता मी फक्त ऐकतो.

वहिनीचं मात्र तिनं धरून ठेवलं. पदवीदानाला मोठीआई इथं पाहिजे, म्हणाली. गल्लीत कुजबुज झाली, वर्षश्राद्धाच्या आधी विमानात बसणार म्हणे. वहिनीनं शेजारणीला दारातच सांगितलं, "दुःख हिथं ठेवून जाणार हाय का मी? संगंच येणार हाय ते." बीदरच्या पलीकडं ती फक्त मुक्ताला सोडायला त्या एकाच दिवशी गेली होती.

परवा मी तिला घेऊन लातूरला गेलो. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात नंबर लागला. जन्मतारीख एक जून, आपल्याकडच्या निम्म्या माणसांची असते तशी, मास्तरांनी लिहिलेली. कागद तपासणाऱ्या पोरानं तिला पतीचं नाव विचारलं. तिनं तुझं नाव घेतलं नाही, माझ्याकडं बघितलं. मी सांगणार तेवढ्यात तिनं पदर सारखा केला आणि पहिल्यांदा, माझ्यादेखत, तुझं पूर्ण नाव उच्चारलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पोरानं लिहून घेतलं. आम्ही बाहेर आलो. बसस्टँडवर मी तिला विचारलं, परतीचं तिकीट कितव्या दिवसाचं काढू. म्हणाली, "पोरगी सांगंल तसं. म्हशीची सोय मी खाजाभाईंच्या घरी लावली हाय."

फी आधी ऑनलाइन भरावी लागते, ती मी माझ्या खात्यातून भरली होती. बसमध्ये बसल्यावर वहिनीनं दुधाच्या पैशांतल्या पाचशेच्या तीन नोटा माझ्या खिशात घातल्या. मी नको म्हणालो, तिनं खिडकीकडं तोंड केलं. तेव्हा नोंद अशी: दीड हजार रुपये, पासपोर्ट कार्यालयाला, अर्जदार वहिनी, भरणारी वहिनी.